फुकटच्या लाकडाचा हिशेब
(ठाणे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत भात आहे, वीज आहे, रस्त्यात जाणाऱ्या जमिनी आहेत. सरपणाचा विषय सगळ्यात खाली, 'इतर' या सदरात टाकला आहे. तो तिथे का गेला हे आम्हाला ठाऊक आहे. सरपण म्हणजे बायकांचे काम, आणि बायकांच्या कामाला पैसा मोजावा लागत नाही, म्हणून त्याला हिशेबाच्या वहीत जागा नाही. आज आम्ही एवढेच करणार आहोत. सरपण वहीत मांडायचे आणि खाली बेरीज काय येते ते पाहायचे.

विषय निघाला तो असा. ठाणे शहरात, कल्याण-डोंबिवलीत दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी होते. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या उतरवतात. जून-जुलैत वाऱ्याने झाडे पडतात. शिवाय रस्ता रुंद करायचा, इमारत पाडून नवी बांधायची, घोडबंदर रोडवरून मेट्रो न्यायची, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो न्यायची, म्हणून परवानगी काढून झाडे तोडली जातात. या सगळ्याचे लाकूड चार-आठ दिवस रस्त्याकडेला पडून असते. बुंधे कोणीतरी उचलून नेतो. फांद्या आणि डहाळ्या कचऱ्याच्या गाडीत जातात किंवा तिथेच कोपऱ्यात पेटवल्या जातात.

त्याच वेळी शहापूर, मुरबाडच्या पाड्यावरची बाई पहाटे उठून डोक्यावर चुंबळ ठेवून डोंगराकडे निघालेली असते. तिच्या गावातल्या तरुणांनी आम्हाला विचारले, शहरातले ते लाकूड फुकट आहे, ते आपण का आणू नये? प्रश्न साधा आहे. उत्तर द्यायला मात्र हिशेब करावा लागतो.

एका सिलिंडरची मोळी किती?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जाळला की सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते. शेगडी चांगली असेल तर त्यातली साठ टक्के भांड्याला लागते. म्हणजे एका सिलिंडरमधून सुमारे ९४,००० किलोकॅलरी प्रत्यक्ष स्वयंपाकाला मिळतात.

आता लाकूड घ्या. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ४,००० किलोकॅलरी निघतात. तीन दगडांच्या चुलीत त्यातली दहा ते पंधरा टक्केच भांड्याला लागते. बाकीची वाऱ्यावर, भिंतीवर आणि बाईच्या डोळ्यांत जाते. बारा टक्के धरले तर किलोमागे ४८० किलोकॅलरी हाती लागतात. भागाकार करा. एक सिलिंडर म्हणजे जवळजवळ २०० किलो वाळलेले लाकूड.

बाईच्या डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोची असते. म्हणजे एका सिलिंडरच्या नऊ मोळ्या. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी वाढला आणि मुंबईचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. त्या दराने एका मोळीची किंमत साधारण ९५ रुपये येते. ती सुद्धा मोळी पूर्ण वाळलेली असेल तर.

ती आणायला वेळ किती लागतो? जाणे, गोळा करणे, तोडणे, बांधणे, डोक्यावर घेऊन परत येणे. जंगल लांब गेले तसा वेळही वाढत गेला. आपण कमीत कमी धरू, चार तास. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. अर्ध्या दिवसाचे १५६ रुपये झाले. म्हणजे १५६ रुपयांचे श्रम घालून बाई ९५ रुपयांचे जळण घरी आणते. मोळीमागे साठ रुपयांचा तोटा.

आता कोणी म्हणेल, तिला रोज ३१२ रुपयांचे काम कोण देतो? बरोबर आहे. कोणी देत नाही, म्हणूनच ती मोळीला जाते. तिच्या वेळेला दुसरीकडे गिऱ्हाईक नाही, म्हणून तिचा वेळ फुकट धरला जातो. आणि तिचा वेळ फुकट धरला की लाकूड फुकट वाटायला लागते. जंगलात पडलेल्या लाकडाला दाम द्यावा लागत नाही हे खरे. ते चुलीपर्यंत येताना कोणीतरी दाम भरलेलाच असतो, आणि तो घरातल्या बाईने भरलेला असतो.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोचली. तरी २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली ४३ टक्केच घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. जोडणी मिळते एकदा, सिलिंडर भरावा लागतो दर महिन्याला. हातात रोकड नसली की सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल मध्यावर, हे आपल्या गावांतून आपण पाहतोच.

शहराचे लाकूड गावात आणले तर

आता शहरातल्या लाकडाकडे येऊ. समजा डोंबिवलीत झाड पडले. आपण एक छोटा हत्ती टेम्पो केला आणि ७०० किलो ओले लाकूड भरून मुरबाडकडे आणले. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे पाणी असते. पंचेचाळीस टक्के धरा. ते लाकूड वाळून चुलीजोगे झाले की उरते साडेचारशे किलो. म्हणजे सव्वादोन सिलिंडर, सुमारे १,९०० रुपये. टेम्पोचे भाडे, चढवणे-उतरवणे आणि फोडणे यांचा खर्च याच्या वर गेला तर फुकटचे लाकूड अंगावर आले.

तेच लाकूड शहराच्या कडेला सहा महिने वाळवले आणि मग भरले तर? त्याच टेम्पोत ७०० किलो कोरडे लाकूड येते. साडेतीन सिलिंडर, जवळजवळ ३,००० रुपये. टेम्पो तोच, भाडे तेच, फरक हजार रुपयांचा. कारण पहिल्या खेपेला आपण पाण्याचे भाडे भरत होतो.

डोक्यावरच्या मोळीचेही तसेच आहे. पंचवीस किलोच्या ओल्या मोळीत अकरा लिटर पाणी असते. बाई विहिरीवरून हंडा आणते तो वेगळा, आणि सरपणातून हा दुसरा हंडा आणते, तो कोणाला दिसत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की लाकूड आधी वाळवा, मग हलवा. त्यासाठी शहराच्या कडेला जागा हवी. कल्याण, टिटवाळा, शीळ, घोडबंदर अशा बाजूंना महापालिकांनी थोडी मोकळी जमीन लाकडाच्या आगारासाठी राखली पाहिजे. कचऱ्यासाठी जमीन शोधायला पालिकांना किती यातायात करावी लागते हे कल्याणकरांना सांगायला नको. आधारवाडीचे डंपिंग २०२१ साली बंद होईपर्यंत तिथल्या आगी आणि धूर त्यांनी वर्षानुवर्षे सोसला. कचऱ्याच्या गाडीतून लाकूड वेगळे निघाले तर गाडीच्या खेपा कमी होतील, त्यात पालिकेचाही फायदा आहे. बागेचा पालापाचोळा वेगळा ठेवावा आणि उघड्यावर कचरा जाळू नये असे २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिले गेले होते. आपण मागतो ते काही जगावेगळे नाही.

लाकूड कोणाचे?

रस्त्यावर पडलेले म्हणजे कोणाचेही, असा समज आहे. तो सोडून द्या. यात आपली पोरे अडकतात.

महापालिका हद्दीतल्या झाडांना १९७५ चा नागरी क्षेत्र झाडांचे जतन कायदा लागू आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो. त्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. नुसते बुंध्यावर कुऱ्हाड चालवणेच नाही, झाड जाळणे आणि झाडाला इजा करणे हेही त्यात येते. २०२१ साली कायदा आणखी कडक झाला. पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची अशी अट आली.

झाड सोसायटीच्या आवारातले असेल तर तोडल्यानंतरचे लाकूड सोसायटीचे. रस्त्याकडेचे, बागेतले असेल तर पालिकेचे. छाटणीचे काम ठेकेदाराला दिले असेल तर लाकडाचे काय करायचे ते त्याच्या करारात लिहिलेले असते. म्हणून आधी विचारायचे, मग हात लावायचा. सोसायटीकडून सचिवाच्या सहीची दोन ओळींची चिठ्ठी घ्या: अमुक तारखेला परवानगीने तोडलेल्या झाडाचे लाकूड अमुक व्यक्तीला मोफत दिले. तिच्याबरोबर पालिकेच्या परवानगीची प्रत जोडून घ्या. रस्त्यावरच्या लाकडासाठी प्रभाग कार्यालयात किंवा उद्यान विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. रात्री लाकूड उचलू नका. दिवसाउजेडी कागद हातात ठेवून उचललेले लाकूड आणि रात्री उचललेले लाकूड जळते सारखेच, पण नाक्यावर अडवल्यावर त्यातला फरक कळतो.

शहराबाहेर नेताना झाडाची जात पाहा. काही जातींच्या लाकडाला वाहतुकीचा पास लागतो. साग, खैर असे काही गाडीत असेल तर वन खात्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय गाडी हलवू नका. येऊरच्या बाजूच्या गावांना आणखी एक सांगायचे. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे सुकलेली काटकीही कायद्याने उचलता येत नाही, आणि पहाटे वाकून फाटे वेचणाऱ्या बाईला बिबट्याचा धोका आहे तो वेगळाच. शहरातले लाकूड त्या बायकांच्या दारापर्यंत पोचले तर सगळ्यात जास्त उपयोग त्यांना होईल.

कोणते घ्यावे, कोणते सोडावे

शहरातली झाडे आपल्या रानातल्यांपेक्षा वेगळी. ऐन, धावडा, खैर, बाभूळ यांचा निखारा टिकतो. तसे लाकूड शहरात क्वचित मिळते. तिथे मिळतो गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, रेन ट्री म्हणजे विलायती शिरीष, उंच अशोक, बदाम, आंबा, जांभूळ, नारळ. यातले सुबाभूळ चुलीला चांगले. आंबा, जांभूळ वाळले की बरे जळतात. गुलमोहर हलका, भडकतो आणि संपतो, पेटवणासाठी ठेवावा. रेन ट्रीचे ओंडके जाड असतात. ते ओले असतानाच फोडून घ्यावेत आणि पुरते वाळू द्यावेत, नाहीतर धूर फार होतो. नारळाचे खोड चुलीला वाईट, झावळ्या आणि करवंट्या मात्र कामाच्या.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी घरात आणूच नका. शहरातल्या बागांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांत ती भरपूर लावलेली असते. तिच्या धुरातही विष असते. तिच्या काडीने पातेले ढवळायचेही नाही. इमारत पाडल्यावर निघणारे रंगवलेले दरवाजे, प्लायवूड, पॉलिशचे फर्निचर हेही फुकट मिळते. ते चुलीत घालू नये. त्या रंगाचा आणि डिंकाचा धूर भाकरीवर बसतो आणि पोरांच्या छातीत जातो.

वाळवायची रीत तुम्हाला आम्ही सांगावी असे नाही, पण शहरातल्या आगारात काम करणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो. ओंडका मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी होतील असा फोडायचा. खाली दोन आडव्या फळ्या किंवा विटा टाकून जमिनीपासून वर रचायचा. बाजू उघड्या, वर पत्रा. वारा आरपार गेला पाहिजे. मे महिन्यात छाटलेले लाकूड पावसाळाभर झाकून ठेवले आणि दिवाळीनंतरचे ऊन दाखवले की जानेवारीत चुलीला येते. टोकांना भेगा पडल्या आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर टणक आवाज आला की समजावे, वाळले.

आणखी एक. वादळात पडलेल्या झाडाला लगेच हात लावू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आणि त्याआधी जून २०२० च्या निसर्ग वादळात कोकण किनाऱ्याला काय झाले ते आपण पाहिले. पडलेल्या झाडाखाली विजेची तार असू शकते. वीज कंपनीच्या माणसाने तार बंद आहे असे सांगितल्याशिवाय जवळ जायचे नाही. ताणाखाली वाकलेली फांदी तोडली की उसळून तोंडावर येते. मशीनची करवत ज्याला येते त्यानेच चालवावी. फुकटच्या फाट्यासाठी माणूस जायबंदी झाला तर तो हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

मोळीविकीचे काय?

आता एक अडचणीचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही.

आपल्यातल्या पुष्कळ कातकरी, ठाकर, वारली बायका मोळी स्वतःच्या चुलीसाठी आणतात, तशा विकायलाही आणतात. कल्याणच्या कडेच्या वस्त्यांत, चहाच्या टपऱ्यांवर, भट्ट्यांवर मोळी विकली जाते. उद्या शहराच्या वेशीवर फुकट लाकडाचा ढीग उभा राहिला तर तिच्या मोळीला कोण विचारणार? शेतकऱ्याच्या माल बाजारात यायच्या वेळी बाहेरचा स्वस्त माल ओतला की भाव कसा पडतो हे आपल्याला माहीत आहे. तोच प्रकार आपण आपल्या मोळीवालीशी करायचा का?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की या लाकडावर पहिला हक्क मोळीवालीचा असावा. आगारात फोडणे, रचणे, मोजणे हे काम तिला मजुरीने मिळावे. तयार झालेले कोरडे लाकूड बायकांच्या बचत गटाने विकावे आणि त्याचा भाव त्यांनीच ठरवावा. म्हणजे जी बाई आज डोंगर उतरून ओले लाकूड घेऊन येते ती उद्या वजनकाट्याच्या मागे उभी राहील. गावात घरच्या चुलीसाठी लागेल ते घरपोच मोजून घ्यावे. उरलेले शहरात विकावे.

जाड बुंधे स्मशानाला जावेत याला आमची हरकत नाही. मुंबईत पालिका एका देहाला ३०० किलो लाकूड मोफत देते. एका माणसाच्या शेवटच्या प्रवासाला दीड सिलिंडरचे जळण लागते असा त्याचा अर्थ. पडलेल्या झाडांचे बुंधे त्या कामी आले तर तेवढी उभी झाडे वाचतील. बुंधा स्मशानाला, फांद्या चुलीला आणि पाला खताला अशी वाटणी झाली तर कचऱ्याच्या गाडीत टाकायला काही उरणार नाही.

ठाण्याचे लाकूड

हा जिल्हा मुंबईला लाकूड पुरवत आला आहे. गॅस आणि रॉकेल येण्याआधी मुंबईच्या चुली ठाणे जिल्ह्याच्या लाकूड-कोळशावर पेटत होत्या. कातकऱ्यांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या, वारल्यांनी झाडे तोडली, पैसा ठेकेदाराने मोजला. इंग्रजांच्या काळात जंगल राखीव झाले तेव्हा भाताच्या राबासाठी टहाळ तोडायलाही बंदी आली. शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की १८८५ साली सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जानेवारी १९४५ मध्ये याच कल्याण तालुक्यात, टिटवाळ्याला, किसान सभेची परिषद भरली. तिथून परत गेलेल्या वारल्यांनी वेठ बंद केली. गोदूताई आणि शामराव परुळेकरांबरोबर ते गवत कापणीच्या आणि झाडतोडीच्या मजुरीसाठी उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि त्यात वारली मारले गेले.

राजकारण कोणाचे काय होते तो वाद आज काढायचा नाही. आम्ही एवढेच दाखवतो आहोत की या जिल्ह्यात लाकडाचा प्रश्न नेहमी मजुरीचाच प्रश्न होता. लाकूड कोणी तोडले, कोणी वाहिले, आणि पैसा कोणाच्या खिशात गेला? शंभर वर्षे लाकूड गावातून शहरात गेले. आता शहरात लाकूड निर्माण होते आहे आणि ते गावाकडे येऊ शकते. येताना जुनाच ठेकेदार मध्ये उभा राहणार असेल तर दिशा बदलली एवढेच म्हणता येईल.

आपल्या बांधावरचे झाड

शहरातल्या फांदीसाठी अर्ज करा म्हणताना आपल्या बांधावरच्या झाडाचे काय, हेही विचारले पाहिजे. कारण सरपणाचा खरा उपाय बांधावर आहे, शहरातल्या छाटणीत नाही.

शेतकऱ्याने आपल्या जमिनीत लावलेले, आपल्या पाण्याने वाढवलेले साग, ऐन, खैर, आंबा, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ यांसारखे झाड तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवानगी तोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार करण्याचे ठरवले, तेव्हा कोकणात त्याला विरोध झाला तो याचसाठी. कल्याणजवळची जी गावे पालिकेच्या हद्दीत गेली, तिथे शेतकऱ्याच्या परड्यातल्या आंब्याची फांदी उतरवायलाही शहराचा कायदा लागला. परिणाम काय होतो? शेतकरी झाड लावतच नाही. उगवलेले रोप हाताएवढे होण्याआधी उपटून टाकतो, कारण ते मोठे झाले की मालक दुसराच होतो.

बांबूचे उदाहरण घ्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाड म्हणून धरला होता. बांबू गवत आहे हे शाळेतल्या पोरालाही कळते. कायद्याला ते कळायला २०१७ साल उजाडले. तोवर नव्वद वर्षे शेतकऱ्याचा बांबू पासावाचून हलत नव्हता. जे बांबूला लागू झाले ते बांधावरच्या सुबाभळीला, गिरिपुष्पाला, करंजाला निर्धोकपणे लागू राहिले पाहिजे आणि बाकीच्या जातींनाही मिळाले पाहिजे. झाड हे पीक आहे. पीक काढायला परवानगी लागत नसेल तर शेतकरी झाडे लावील, आणि त्याच्या बाईला डोंगर चढावा लागणार नाही.

शहरात झाडे वाचवण्यासाठी भांडणारी मंडळी आहेत. त्यांच्याशी आपले भांडण नाही. लाकूड मिळते म्हणून झाड पडावे असे आपल्यातल्या कोणी बोलू नये. उभे झाड वाचत असेल तर त्यांच्या बाजूने उभे राहा. पडलेल्या झाडाचे मात्र मातेरे होऊ नये, एवढीच आपली मागणी.

चूल बदलल्याशिवाय नाही

शेवटचा मुद्दा धुराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात घरातल्या धुरामुळे ३२ लाख माणसे मेली. फुकट लाकूड आणून बाईला पुन्हा धुरात बसवायचे असेल तर आम्हाला हा उद्योग करायचा नाही. १९८० च्या दशकात सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला होता. पुण्याला डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनेही चुलींवर पुष्कळ काम केले. चांगली चूल लाकडातली वीस-पंचवीस टक्के उष्णता भांड्याला देते. म्हणजे २०० किलोऐवजी शंभर किलोत सिलिंडरचे काम होते. नऊ मोळ्यांच्या जागी साडेचार, आणि मोळीची किंमत ९५ वरून १९०. लाकूड तेच, बाई तीच, चूल बदलली की तिच्या श्रमाचा भाव दुप्पट होतो. आणि ज्या घराला सिलिंडर परवडतो त्याने तो भरावा. लाकूड अंगणातल्या पाण्याच्या बंबाला आणि भात उकडायला ठेवावे.

तेव्हा या बैठकीपुढे आमचे ठराव असे आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे लाकूड आगारासाठी लेखी मागणी करायची. छाटणीच्या तारखा आणि जागा पंधरा दिवस आधी जाहीर व्हाव्यात. छाटणीच्या करारात फांद्यांवर बायकांच्या बचत गटांचा हक्क लिहिला जावा. शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या झाडाला पीक मानावे. आणि या सगळ्याआधी एक काम आपले. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणायची. गावात आठवड्याला किती मोळ्या येतात, किती लांबून येतात, किती तास जातात, एवढे तिच्यात लिहिलेले असावे. वही बायकांनी सांगायची, पुरुषांनी नुसती लिहायची.

पालिकेच्या साहेबांपुढे आपण फुकट लाकूड मागायला जाणार नाही. ती वही घेऊन जाऊ. त्यातली बेरीज वाचल्यावर लाकूड फुकट आहे असे म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही.